शांततेची मुदतवाढ

कोहिमात पहिल्याच आठवड्यात मला एक धडा मिळाला. बँकेसमोरच्या चढावर एका ट्रकचा टायर फुटला. आवाज मोठा होता. आपल्याकडे असा आवाज झाला की माणसे खिडकीत धावतात, 'काय झालं, काय झालं' म्हणून विचारतात. इथे तसे काही झाले नाही. काउंटरपुढे रांगेत उभी असलेली माणसे एका क्षणात जमिनीवर पालथी झाली. मी एकटाच खुर्चीत बसून होतो. आमच्या कॅशियरबाई टेबलाखालून म्हणाल्या, "सर, आधी खाली बसा. टायर होता की काय, ते मग बघू."

१९९५ चा पावसाळा होता. त्याच वर्षी ५ मार्चच्या रविवारी या शहरातून जाणाऱ्या लष्करी ताफ्यातल्या एका गाडीचा टायर फुटला होता. बॉम्ब पडला असे वाटून गोळीबार सुरू झाला आणि सात नागरिक मेले. त्यानंतर टायर फुटला की कोहिमा जमिनीला टेकत असे.

मी तिथे गेलो होतो तो बढतीच्या पाठोपाठ. बढती हवी तर ईशान्येतली बदली घ्यायची, नाहीतर दोन्ही सोडायचे, असा आमच्या बँकेचा शिरस्ता. मुलाची चौथीची स्कॉलरशिप होती, म्हणून सौ. आणि मुलगा पुण्यातच राहिले. ट्रंकेत स्वेटर, गोडा मसाला आणि मेतकुटाचा डबा घेऊन मी दीमापूरला उतरलो आणि तिथून चौऱ्याहत्तर किलोमीटरचा घाट चढून कोहिमाला पोहोचलो. नागालँडविषयी मला काय ठाऊक होते? दुसऱ्या महायुद्धातली १९४४ ची कोहिमाची लढाई, फिझो हे वर्तमानपत्रातले नाव आणि 'मिशनऱ्यांनी बाटवलेला मुलूख' हे आपल्याकडे सहज तोंडी येणारे वाक्य. हे वाक्य मीही चारदोनदा उच्चारले असेल. ते किती अपुरे होते हे कळायला मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांची, आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या काही वर्षांची ही हकिगत.

कोहिमातला रविवार वेगळाच. बाजारपेठ कडकडीत बंद. टेकड्यांच्या उतारावरून माणसांच्या ओळी चर्चकडे निघालेल्या. पुरुषांच्या अंगात कोट, बायकांच्या खांद्यावर विणलेल्या शाली. २०११ च्या जनगणनेत नागालँडची सुमारे ८८ टक्के वस्ती ख्रिस्ती नोंदली गेली आणि त्यातले बहुसंख्य बॅप्टिस्ट पंथाचे आहेत. एडवर्ड क्लार्क नावाचे अमेरिकन मिशनरी १८७२ मध्ये आओ नागांच्या टेकडीवर आले, तिथून ही सुरुवात झाली. पण पन्नाशीच्या दशकात परदेशी मिशनऱ्यांना नागा टेकड्या सोडाव्या लागल्या. त्यानंतरचे चर्च म्हणजे नागा माणसांनी नागा माणसांसाठी चालवलेली संस्था. बॅप्टिस्टांच्यात वरून हुकूम सोडणारा कोणी धर्मगुरू नसतो. गावची मंडळी आपला पास्टर निवडतात, त्याचा पगार आपल्या भातातून आणि भाजीतून उभा करतात. गावागावांची चर्चे मिळून जमातीची संघटना आणि जमातींच्या संघटना मिळून नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल. या कौन्सिलला आज्ञा करता येत नाही, फक्त विनंती करता येते. आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या फेडरेशनसारखे म्हणा ना.

चर्चचे सगळेच ऐकले जाते असेही नाही. १९८९ चा दारूबंदीचा कायदा चर्चच्या आग्रहाने आला. त्या कायद्याची संध्याकाळी काय गत होते, हे मी माझ्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून रोज पाहत असे. तरी एक गोष्ट खरी. कोणता मुलगा शाळा सोडून जंगलात गेला, कोणाचा भाऊ पोलिसात आहे, कोणाच्या घरी रात्री कोण जेवून गेले, हे गावात एका माणसाला नक्की माहीत असे. तो म्हणजे पास्टर. आणि दोन्हीकडच्यांना त्याच्याकडे यावे लागे. बारशाला नाही, तर मयताला.

हे सारे मला समजले ते आमच्या कॅशियरबाईंमुळे. बाई अंगामी जमातीच्या, चाळिशीच्या, नोटा मोजण्यात मशिनला मागे टाकणाऱ्या. नाव लिहू नका असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही. आमचे बोलणे मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चाले. इथे मी ते मराठीत देतो आहे.

बाईंचा जन्म १९५५ चा. नागा नॅशनल कौन्सिलने १४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. १९५३ मध्ये पंडित नेहरू कोहिमाला आले, तेव्हा निवेदन देऊ दिले नाही म्हणून लोक सभेतून उठून गेले. १९५६ मध्ये भूमिगतांनी आपले वेगळे सरकार जाहीर केले आणि लष्कर टेकड्यांत शिरले. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा आला. ही झाली पुस्तकातली सनावळी. बाईंच्या लेखी त्याचा अर्थ असा, की त्यांच्या बालपणीची पहिली आठवण घराची नसून जंगलातल्या झोपडीची आहे. गाव जळले होते. अंधार पडल्यावर चूल पेटवायची नाही, कारण धूर आणि उजेड दोन्ही दिसतात. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवायचा. "आम्ही भावंडं आवाज न करता रडायला शिकलो होतो," बाई म्हणाल्या आणि नोटांचे बंडल बांधू लागल्या.

लष्कराची भीती होती, तशी आपल्याच माणसांचीही होती. कोणी वाटाघाटीची भाषा केली की तो फितूर ठरे. नागालँड राज्य व्हावे म्हणून झटणारे डॉ. इमकोंगलिबा आओ यांचा १९६१ मध्ये खून झाला. १ डिसेंबर १९६३ रोजी राज्य झाले, पण बंदुका थांबल्या नाहीत.

अशा वेळी चर्चने काय करावे? गप्प बसणे सर्वांत सोयीचे. भूमिगतांच्या घोषणेतच ख्रिस्ताचे नाव होते. 'नागालँड ख्रिस्तासाठी' असे ते म्हणत. त्यांच्याविरुद्ध बोलावे तर आपल्याच लेकरांशी आणि वरवर पाहता आपल्याच धर्माशी दावा. सरकारच्या बाजूने बोलावे तर जळालेल्या गावांशी बेइमानी. आणि सरकारच्या लेखी चर्च म्हणजे परक्यांचा हस्तक. तिन्हीकडून संशय.

१९६४ च्या जानेवारीअखेरीस वोखा या गावी नागा बॅप्टिस्टांचे अधिवेशन भरले. बाईंचे वडील गावच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचे सेवक. गावाने त्यांना अधिवेशनाला धाडले. निघण्यापूर्वी त्यांनी बायकोला बियाण्याचे भात कुठे पुरून ठेवले आहे ते दाखवले. एवढ्यावरून त्यांना काय वाटत होते ते कळावे. त्या अधिवेशनात चर्चने उघडपणे ठराव केला: हे थांबले पाहिजे, आणि थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंशी बोलणारे एक शांतता मंडळ हवे. मंडळात कोण असावे त्यांची नावेही ठरावात होती. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा, दक्षिण आफ्रिकेत भारतीयांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले इंग्रज धर्मोपदेशक मायकेल स्कॉट. आणि चौथे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चमकलो. शंकरराव देव.

होय, आपले शंकरराव. सासवडच्या आश्रमातले, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे. वोख्याच्या त्या टेकडीवर जमलेल्या नागा पास्टरांना महाराष्ट्रातला हा सर्वोदयी माणूस आपल्या मुलांचे प्राण वाचवण्याच्या कामी यावा असे वाटले, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शंकरराव प्रत्यक्षात मंडळात आले नाहीत. काम तिघांनीच केले. पण 'बाटवलेल्या' लोकांनी शांततेसाठी कोणाचे दार ठोठावले ते पाहा. एक सोडून बाकीचे गांधींच्या मांडवातले. तो एक पाद्री, पण तोही गांधींच्या वाटेने तुरुंग पाहून आलेला.

त्या वर्षी मे महिन्यात करारावर सह्या झाल्या. लगोलग २७ मे रोजी नेहरू गेले. सगळे फिसकटेल असे वाटले, पण फिसकटले नाही. ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली. त्यातली कलमे मी नंतर मुद्दाम मिळवून वाचली, बँकेचा करारनामा वाचावा तशी. मोठमोठे शब्द त्यात नाहीत. लष्कराने जंगलात मोहिमा काढायच्या नाहीत, गावांच्या झडत्या घ्यायच्या नाहीत, ठाण्यापासून एक हजार यार्डांच्या पलीकडे गस्त घालायची नाही, लोकांना वेठीला धरायचे नाही. भूमिगतांनी दबा धरून हल्ले करायचे नाहीत, माणसे पळवायची नाहीत, दंड वसूल करायचा नाही, गावात गणवेश घालून बंदुका मिरवायच्या नाहीत. कोणाचे राज्य, कोणाचा झेंडा, या प्रश्नाला हातच घातलेला नाही. कोणी काय *करायचे नाही*, एवढेच.

तो दिवस रविवार होता. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांच्या गावच्या चर्चची घंटा त्या दिवशी किती वेळ वाजत होती हे त्या सांगू शकल्या नाहीत. "कारण सर, आधी घंटा ऐकली की आम्ही पळायचो. मला कळलंच नाही की ही पळण्याची नाही." रात्री आईने अंधार पडल्यावर चूल पेटवली. पोरे दारात उभी राहून धूर वर जाताना बघत होती. दार उघडेच होते.

मंडळाच्या मदतीला निरीक्षकांचे एक पथक होते. कुठे करार मोडला अशी तक्रार आली की त्यांनी चालत त्या गावी जायचे, दोन्हीकडचे ऐकायचे. यातही आपल्या ओळखीचे एक नाव सापडते. मार्जोरी साइक्स. या इंग्रज क्वेकर बाई, म्हणजे युद्धच नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या. सेवाग्रामला नई तालीमचे काम करता करता त्या वर्ध्याच्या उन्हात वर्षानुवर्षे राहिल्या होत्या. साठीला आलेल्या मार्जोरीबाई नागा टेकड्या चढत उतरत राहिल्या. तमिळनाडूचे डॉ. एम. अराम पत्नीसह तिथे आले आणि त्यांनी शांतता केंद्राचा व्याप सांभाळला. डहाणूकडचे नटवर ठक्कर तर १९५५ पासूनच चुचुयिमलांग गावी गांधी आश्रम काढून बसले होते. त्यांची पत्नी लेंटिना आओ याच मातीतल्या. आणि नागांच्यातले रेव्हरंड लोंगरी आओ. कोन्याकांच्या मुलखात धर्मप्रसाराला गेलेला हा माणूस पुढे कौन्सिलचा कार्यकारी सचिव झाला आणि जंगलातल्या तळांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत निरोप पोहोचवीत राहिला.

आता यशापयशाचा हिशेब. चेदेमाच्या शांतता शिबिरात बोलणी झाली, मग दिल्लीत इंदिराबाईंशी सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही. १९६६ मध्ये आसामात रेल्वेत स्फोट झाले. जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना देशाबाहेर पाठवण्यात आले आणि मंडळ संपले. पण शस्त्रसंधी संपली नाही. सुरुवातीला ती एका महिन्याची होती. तिला मुदतवाढ मिळत गेली. १९७२ मध्ये मुख्यमंत्री होकिशे सेमा यांच्यावर हल्ला झाला आणि त्या ऑगस्टअखेर मुदतवाढ थांबली. एका महिन्याच्या बोलीवर आठ वर्षे निघाली होती.

एकदा दुपारी कॅश जुळल्यावर मी बाईंना जरा उपहासानेच म्हणालो, "म्हणजे आठ वर्षं नुसतं रिन्यूअल. मुद्दलाला कोणी हातच लावला नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समोरचे लेजर माझ्याकडे सरकवले. "सर, तुम्ही त्या सिमेंटवाल्याचं ओव्हरड्राफ्ट दर वर्षी रिन्यू करता. तो मुद्दल फेडतो का?"

"नाही."

"मग का करता?"

"दुकान चालू राहतं म्हणून."

"त्या आठ वर्षांत मी चौथीपासून मॅट्रिकपर्यंत शिकले. माझे दोन भाऊ जगले. दुकान चालू राहिलं, सर."

मी पंचवीस वर्षांवर बँकेत काढली, पण मुदतवाढीचा हा अर्थ मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवला गेला नव्हता. आपण शांतता म्हणतो तेव्हा आपल्याला कायमचा निकाल हवा असतो. सह्या, हस्तांदोलन, फोटो. तो मिळाला नाही की आपण म्हणतो, प्रयत्न फसला. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने एक महिना हा मोठा काळ असतो. त्यात भाताची लावणी होते.

पुढची गोष्ट अधिक अवघड आहे. १९७५ मध्ये शिलाँग करार झाला, तो घडवून आणण्यातही चर्चच्या मंडळींनी धावपळ केली होती. करार भूमिगतांतल्या अनेकांना मान्य झाला नाही. १९८० मध्ये नवी संघटना निघाली आणि १९८८ मध्ये तिचीही रक्तरंजित फाळणी झाली. माझ्या काळात कोहिमा-दीमापुरात गोळी सुटे ती पुष्कळदा नागाने नागावर झाडलेली असे. दुकानदारांच्या हिशेबात एक खर्च न लिहिलेलाच असे. कोणी विचारत नसे, मीही विचारला नाही. संध्याकाळी पाचला शहर मिटून जाई. पुण्याला फोन करायचा तर एसटीडी बूथवाला घाई करी, "साब, जल्दी."

१९९६ च्या हिवाळ्यात एके दिवशी बाई कामावर आल्या नाहीत. त्यांचा चुलतभाऊ दीमापूरला मारला गेला होता. बाईंचे दोन चुलतभाऊ दोन गटांत होते, हा धाकटा. मोठ्याच्या गटाने त्याला मारले असे लोक म्हणत. खरेखोटे मला माहीत नाही. आम्ही शाखेतले चौघे मयताला त्यांच्या गावी गेलो. चर्च गच्च भरले होते. मागच्या भिंतीशी दहाबारा तरुण उभे होते. त्यांच्या अंगावरच्या शाली जरा जास्तच जाड दिसत होत्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते आणि सर्वांना ते दिसत होते.

पास्टर सत्तरीचे. प्रार्थना झाली, गाणे झाले. मग ते बोलायला उभे राहिले ते त्यांच्या भाषेत. माझ्या शेजारी बसलेला आमचा शिपाई कानात हिंदीत सांगत होता. पास्टर म्हणाले, या मुलाला मी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. ज्यांनी मारले असे तुम्ही म्हणता, त्यांनाही मीच दिला. या थडग्यावर आज कोणी शपथ घ्यायची नाही. ज्याला शपथ घ्यायची असेल त्याने आधी माझे थडगे खणावे. तुम्ही सरकारला सांगता बंदूक ठेवा. मीही सांगतो. पण सरकार माझ्या चर्चमध्ये बसलेले नाही. तुम्ही बसला आहात.

मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली. पाचसहा जण उठून बाहेर गेले. बाकीचे तिथेच उभे राहिले. पास्टरांनी पुढचे गाणे सांगितले. त्यांचे हात थरथरत होते. पुस्तक शेजाऱ्याला धरावे लागले.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी मनाशी म्हणत होतो, जाहीर भूमिका घेणे म्हणजे हेच. आपल्याकडेही निवेदने निघतात, त्यावर मान्यवरांच्या सह्या असतात. मीही अशा दोनतीन पत्रकांवर सह्या केल्या आहेत. पण ती पत्रके नेहमी समोरच्याला उद्देशून असतात. सरकारने असे करावे, त्या समाजाने तसे वागावे. आपल्याच भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या आपल्याच पोरांना, त्यांच्या शालीखाली काय आहे हे माहीत असताना, 'नाही' म्हणायला वेगळी छाती लागते. वोख्याच्या ठरावाची ताकद जयप्रकाशांच्या नावात होती तशी यातही होती, की तो ठराव करणारे आपल्या लेकरांच्या विरोधात उभे राहायला तयार झाले होते. आणि लेकरांना सोडून द्यायलाही ते तयार नव्हते. पास्टरांनी त्या तरुणांना बाहेर काढले नाही. गेले ते आपण होऊन गेले.

ऑगस्ट १९९७ ची पहिली तारीख शुक्रवार होती. भारत सरकार आणि भूमिगतांचा एक मोठा गट यांच्यात त्या दिवसापासून शस्त्रसंधी लागू झाली. बँकेत नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. चारच्या सुमारास मी बाईंना विचारले, "आता तरी?" त्या म्हणाल्या, "बघू सर. तीन महिन्यांची आहे म्हणतात." आणि हसल्या. त्यांच्या त्या हसण्याचा अर्थ आता मला कळत होता. महिनाभरात माझी बदली झाली. निघताना बाईंनी राजा मिरचीची पुडी दिली आणि बजावले, "दीदींना सांगा, एक मिरची चार वेळा वापरायची." सौ.ने ऐकले नाही. तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो.

पुढचे मी दुरून पाहिले. सरकारशी शस्त्रसंधी झाली तरी आपसातल्या हत्या चालूच होत्या. २००८ मध्ये चर्चच्या पुढाकाराने नागा समेटासाठी एक मंच उभा राहिला. त्याचे निमंत्रक रेव्हरंड वाती आयर. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांना त्यांनी थायलंडात चिआंग माईला पुन्हा पुन्हा एकत्र बसवले. एका फेरीत तर फुटबॉलचा सामनाही झाला. १३ जून २००९ रोजी तीन प्रमुख गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारपत्रावर सह्या केल्या. हत्या एका दिवसात थांबल्या नाहीत, पण पुष्कळ कमी झाल्या. बाई फोनवर म्हणाल्या, "आता रात्री आठला पण दुकान उघडं असतं, सर." २०१५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत अंतिम तोडग्याच्या चौकटीचा करार झाला. त्यापुढची वर्षे चर्चेत गेली.

आणि ४ डिसेंबर २०२१. मोन जिल्ह्यातल्या ओटिंग गावाजवळ कोळसा खाणीतले मजूर पिकअप गाडीतून घरी परतत होते. शनिवार होता, रविवार घरी काढायचा म्हणून निघाले होते. अतिरेकी समजून जवानांनी गोळ्या झाडल्या. सहा जण जागीच गेले. मग संताप उसळला आणि त्यात आणखी माणसे गेली, एक जवानही गेला. बातमी वाचताना मला पुन्हा तो टायरचा आवाज आठवला. सव्वीस वर्षांनी पुन्हा तेच.

रविवारी संध्याकाळी मी फोन लावला. बाई आता निवृत्त, नातवंडांत असतात. खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सकाळी चर्चमध्ये आमच्या पास्टरांनी सांगितलं, न्याय मागा, मोठ्यानं मागा, पण दगड उचलू नका. पोरं चिडली. एक तर उभा राहून म्हणाला, किती दिवस?"

"मग पास्टर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, आज. आजच्या दिवसापुरतं. उद्या पुन्हा विचार."

मला काही सुचेना. मी विचारले, "तुम्ही कशा आहात?"

"मेणबत्त्या घेऊन निघतोय सर सगळे. माझी नातही येते म्हणते. नऊ वर्षांची आहे." मागे कोणाचा तरी आवाज आला. बाई म्हणाल्या, "नंतर बोलू," आणि फोन ठेवला.